लिलाव बंद झाला, वाद चालू आहे

आमच्या मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, उपकारस्तुतीच्या (पिकाबद्दल देवाचे आभार मानण्याच्या) सणातला लिलाव बंद झाला. ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांना सांगते. पीक हाती आलं की लोक ज्वारी-बाजरीची पोती, भोपळे, पपया, अंडी, एखादी कोंबडी असं वेदीपुढे आणून ठेवतात. उपासना संपली की आवारात बोली लागते. साधी पपईसुद्धा हजाराच्या वर जाते, आणि पैसा मंडळीच्या फंडात जमा होतो.

नव्या पाळकांना, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंना, ते पटेना. त्यांचं म्हणणं असं, की त्या बोलीत दोन घराण्यांची चढाओढ उरली आहे, आणि जी विधवा पदराखाली चार अंडी घेऊन येते ती भिंतीपाशी अंग चोरून उभी असते. माझं मत वेगळं होतं, अजूनही आहे. पुण्या-मुंबईला गेलेली आमची पोरं त्या एका दिवसासाठी घरी येतात. चढाओढ करणाऱ्यांचे कान धरा, सण कशाला मोडता?

पण पाळकांनी हा निर्णय व्यासपीठावरून परस्पर जाहीर केला नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. त्यांनी सभा बोलावली आणि विरोधात असलेल्यांना आधी बोलू दिलं. खजिनदार तावातावाने बोलले, मीही बोलले. आमचे मुद्दे नावांसकट मिनिट बुकात लिहून घेतले. मग पाळक उभे राहिले: "सगळं ऐकलं. तरी यंदा लिलाव होणार नाही. फंडाला तूट आली तर जबाब मी देईन." आलेला माल त्या वर्षी बाजारभावाने विकला.

आमच्या नगरकडे अशा ठामपणाची सवय कमी. अमेरिकन मराठी मिशन इथे 1831 साली आलं ते काँग्रिगेशनल वळणाचं. सभासदांनी मत द्यायचं आणि मंडळीनेच पाळक बोलवायचा. 1970 मध्ये वेगवेगळी चर्च एकत्र येऊन नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, बिशप आले, पाळकाची नेमणूक वरून होऊ लागली. जुन्या घरांतून मात्र "मंडळी आमची आहे" हा सूर गेलेला नाही, आणि तो जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

यापूर्वी एका पाळकांच्या काळात मी उलट अनुभव घेतला आहे. हिशेब विचारला की पुढच्या रविवारी उपदेशातून टोमणे यायचे, आणि ठरलेलं वचन यायचं: अभिषिक्ताला, म्हणजे देवाने नेमलेल्याला, हात लावू नका. हे वचन अशा वेळी वापरलं की माझा जीव जळतो. बायबलमधल्या दाविदाने, शौल राजा त्याच्या जिवावर उठलेला असतानाही, तो अभिषिक्त म्हणून गुहेत त्याच्यावर हात टाकला नाही, हे खरं. पण तोच दावीद गुहेबाहेर येऊन, शौलाच्या झग्याचा कापलेला काठ हातात धरून, शौलाला मोठ्याने विचारतो की माझा पाठलाग का करतोस. तलवार म्यानात ठेवली, तोंड बंद ठेवलं नाही. अंत्युखियात प्रेषित पौलानेही पेत्रासारख्या थोर प्रेषिताला सगळ्यांसमोर अडवलं होतं.

आणि बायबलमधलंच प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक, 15 वा अध्याय. यहुदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांनी सुंता करावी का, हा प्रश्न केवढा मोठा! तिथे आधी पुष्कळ वादविवाद झाला, मग पेत्र बोलला, बर्णबा आणि पौल बोलले, आणि शेवटी यरुशलेमच्या मंडळीचा पुढारी याकोब याने निर्णय सांगितला. याकोब गुळमुळीत बोलला नाही. पण त्याचं बोलणं सगळ्यांचं ऐकून झाल्यावर आलं. त्याच अध्यायाच्या शेवटी पौल आणि बर्णबा मार्काला सोबत न्यायचं की नाही यावरून इतके भांडले की वेगळ्या वाटांनी गेले. पवित्र शास्त्राने ते झाकून ठेवलं नाही.

सभेनंतर खजिनदारांनी राजीनामा दिला. पाळक त्यांच्या घरी गेले, चहा झाला, राजीनामा काही मागे आला नाही. पुन्हा गेले. खजिनदारांच्या आई आजारी पडल्या तेव्हा दवाखान्यात रात्री थांबणाऱ्यांत पाळक होते, आणि तिथे लिलावाचा विषय त्यांनी एकदाही काढला नाही, असं खजिनदारांनीच मला सांगितलं. आज ते पुन्हा हिशेब पाहतात. लिलावाबद्दल दोघांचं अजून जमत नाही.

येत्या वार्षिक सभेत मी ठराव मांडणार आहे: लिलाव परत सुरू करावा, पण बोलीला वरची मर्यादा घालावी आणि विधवांनी आणलेल्या वस्तू आधी पुकाराव्यात. पाळकांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "बाई, मी विरोधात बोलणार. लेखी द्या, पहिल्या क्रमांकावर घेतो."