टायमिंग बेल्ट बदलण्याचा निर्णय : माझा अनुभव

माझी गाडी वयाने मोठी आणि किलोमीटरने लहान होती, आणि टायमिंग बेल्टच्या बाबतीत हीच जोडी सर्वांत अडचणीची असते. गाडी मी वापरलेली घेतली होती. सर्व्हिस बुकात ऑईल आणि फिल्टर बदलल्याचे शिक्के व्यवस्थित होते, पण टायमिंग बेल्टचा रकाना रिकामा होता. बेल्ट बदललाच नव्हता, की बदलला पण नोंद राहून गेली, हे कळायला मार्ग नव्हता. त्याच पुस्तकातील वेळापत्रकात बेल्टसाठी किलोमीटर आणि वर्षे असे दोन आकडे होते व त्यांच्यापुढे ‘यांपैकी जे आधी पूर्ण होईल ते’ असे स्पष्ट छापलेले होते. किलोमीटरची मर्यादा अजून बरीच लांब होती. वर्षांची मात्र उलटून गेली होती. खरे तर एवढ्यावरच निर्णय व्हायला हवा होता. तो ज्या कारणाने अडून राहिला त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही, आणि म्हणूनच हे सविस्तर लिहीत आहे.

ज्यांची या भागाशी फारशी ओळख नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. क्रँकशाफ्टचे (पिस्टनांच्या हालचालीने फिरणाऱ्या इंजिनाच्या मुख्य दांड्याचे) फिरणे कॅमशाफ्टपर्यंत (व्हॉल्व्ह, म्हणजे सिलिंडरच्या झडपा, उघडणाऱ्या दांड्यापर्यंत) पोहोचवणारा हा दातेरी पट्टा असतो. क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक होतो आणि त्यानुसार व्हॉल्व्ह उघडतात व मिटतात. इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेत असेल तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला 25 वेळा उघडतो. अनेक इंजिनांत उघडलेला व्हॉल्व्ह आणि वर आलेला पिस्टन एकाच जागेचे दावेदार असतात. त्यांची गाठ पडत नाही ती केवळ बेल्टने राखलेल्या वेळेमुळे. अशा इंजिनात बेल्ट तुटला, किंवा नुसता काही दात घसरला, तरी व्हॉल्व्ह वाकतात, पिस्टनला मार बसतो आणि सिलिंडर हेड (व्हॉल्व्ह बसवलेला इंजिनाचा वरचा भाग) उतरवण्याची वेळ येते. काही इंजिनांत पुरेशी मोकळी जागा ठेवलेली असते आणि तिथे गाडी फक्त बंद पडते. आपले इंजिन यांपैकी कोणत्या प्रकारचे आहे याची चौकशी आधी करावी. डिझेल इंजिने बहुतेक सारी पहिल्या प्रकारात मोडतात. त्याहीआधी आपल्या गाडीत बेल्ट आहे की चेन, हे पाहावे, कारण चेन असलेल्या इंजिनात बहुधा ठरावीक मुदतीने बदलण्याचा प्रश्न येत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर मी सरळ प्रश्न विचारला : वर्षांची मर्यादा संपली आहे, तर बेल्ट बदलायचा का? सल्लागाराने चेसिस क्रमांक संगणकात भरला, ओडोमीटरचा आकडा भरला आणि पडद्याकडे पाहून सांगितले की अजून बराच पल्ला बाकी आहे. मी पुस्तकातील ओळ दाखवली. त्यावर उत्तर आले की त्यांच्या यंत्रणेत हे काम किलोमीटरवरच निघते आणि गाडी कमी चालली असेल तर वर्षांचा फारसा विचार करण्याची गरज नसते. गरज नसते असे कोणी ठरवले, हे मला हवे होते. ज्या कंपनीने वर्षांचा आकडा छापला, त्याच कंपनीच्या नावाची पाटी लावलेल्या काउंटरवर तो आकडा बाजूला सारला जात होता, आणि त्यासाठी कारण म्हणून पडद्यावरच्या एका रिकाम्या चौकोनाशिवाय काही नव्हते.

मी आग्रह धरल्यावर बेल्ट उघडून पाहण्याचे ठरले. वरचे प्लॅस्टिकचे कव्हर काढून मला बोलावण्यात आले. बेल्टचा जेमतेम वीतभर भाग दिसत होता : काळा, कोरडा, कुठे तडा नाही, धागा सुटलेला नाही. ‘बेल्ट नव्यासारखा आहे, निश्चिंत राहा,’ असे मला सांगण्यात आले. हे वाक्य मला नंतर वेगवेगळ्या तोंडून पुन्हा ऐकावे लागले, आणि या साऱ्या प्रकरणात सर्वांत जास्त दिशाभूल करणारे वाक्य हेच आहे, असे माझे ठाम मत आहे.

त्याचे कारण बेल्टच्या घडणीत आहे. असा दातेरी पट्टा मोठ्या उत्पादनातील गाडीत पहिल्यांदा वापरला तो जर्मनीच्या ग्लास कंपनीने, 1962 मध्ये आलेल्या 1004 या गाडीत. त्यानंतर बराच काळ हे पट्टे निओप्रीन जातीच्या रबराचे असत आणि जुने झाले की त्यांच्या पाठीवर तडे दिसू लागत. मेकॅनिक ते पाहून अंदाज बांधत. पुढे उष्णता अधिक सोसणारे एचएनबीआर हे कृत्रिम रबर आले. त्याचा बेल्ट आयुष्य संपत आले तरी पाठीवरून सहसा तडकत नाही. ताण पेलण्याचे काम आत गुंफलेल्या काचतंतूंच्या दोऱ्या करतात, दातांवर नायलॉनचे कापड असते, आणि झीज होते ती या दोऱ्यांत व दातांच्या मुळाशी, म्हणजे नेमकी कव्हर काढून दिसत नाही तिथे. तडा दिसला तर बेल्ट खराब आहे हे नक्की समजावे. तडा दिसला नाही याचा अर्थ बेल्ट चांगला आहे असा मात्र होत नाही. इंजिनाच्या आवाजावर विसंबणेही तितकेच चुकीचे आहे. टिकटिक, सुरू होताना अडखळणे, मिसफायर (एखाद्या सिलिंडरात इंधन नीट न पेटणे) ही लक्षणे काही वेळा दिसतात, पण पुष्कळदा बेल्ट काहीही न सुचवता तुटतो.

हे सर्व मी सल्लागाराला सांगितले आणि एकच विनंती केली : ‘बेल्ट बदलण्याची गरज नाही’ एवढे तपासणीच्या कागदावर लिहून सहीशिक्क्यासह द्यावे. इथे संभाषणाचा सूर बदलला. तसे लेखी देता येत नाही, असे उत्तर मिळाले. मग ‘बदलण्याची गरज आहे’ असे लिहून द्या, असे मी म्हणालो. तेही देता येत नव्हते, कारण किलोमीटर पूर्ण झालेले नव्हते. वरिष्ठांशी बोलून कळवतो, असे सांगून मला परत पाठवण्यात आले. कळवले कोणीच नाही. मी फोन करीत राहिलो आणि प्रत्येक वेळी नव्या माणसाला पहिल्यापासून कथा सांगावी लागली. शेवटी ग्राहक सेवा विभागाला पुस्तकातील त्या पानाच्या छायाचित्रासह ईमेल पाठवला, तेव्हा उत्तर आले की अधिक माहितीसाठी जवळच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरशी संपर्क साधावा. ज्याने प्रश्न टोलवला त्याच्याकडेच मला परत टोलवण्यात आले. या काळात गाडी चालवताना प्रत्येक चढावर माझे लक्ष इंजिनाकडे असायचे, आणि ही अस्वस्थता केवळ एका सरळ उत्तराच्या अभावी मला सोसावी लागली.

जो सल्ला तोंडी ठामपणे दिला जातो पण लिहून दिला जात नाही, त्याला मी सल्ला मानायला तयार नव्हतो. म्हणून मी प्रश्नच बदलला. बेल्ट कसा दिसतो याऐवजी तो किती जुना आहे हे शोधायचे ठरवले, आणि त्यासाठी इंजिनाचेच काम करणाऱ्या एका स्वतंत्र गॅरेजात गेलो. तिथल्या मिस्त्रींना ही कल्पना लगेच पटली. कव्हर काढून, क्रँकशाफ्टच्या बोल्टला पाना लावून त्यांनी इंजिन हाताने, त्याच्या नेहमीच्या दिशेनेच, हळूहळू फिरवले आणि मी टॉर्च धरून बेल्टच्या पाठीवर काही छापलेले दिसते का ते पाहत राहिलो. काही इंच काळे रबर, मग पुसट होत गेलेला भाग क्रमांक, मग गाडीच्या कंपनीचे चिन्ह, आणि त्याच्या शेजारी उत्पादनाची तारीख. ती तारीख गाडी तयार होण्याच्या थोडीच आधीची होती. म्हणजे बेल्ट कारखान्यातून बसवून आलेलाच होता, आणि सर्व्हिस बुकातला रिकामा रकाना खरे बोलत होता. जे उत्तर एवढ्या फोनांतून मिळाले नाही ते आरसा, टॉर्च आणि थोडा धीर यांनी मिळवून दिले, याचे मला आजही समाधान वाटते. प्रत्येक बेल्टवर अशी तारीख वाचता येईलच असे नाही. ती नसेल आणि नोंदही नसेल, तर बेल्ट मूळचाच आहे असे धरून चालावे.

पुढचे काम सुरळीत पार पडले, त्यामुळे त्याबद्दल लिहिण्यासारखे फार नाही. फक्त बेल्ट न बदलता पूर्ण किट बसवावे, म्हणजे टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा भाग) आणि आयडलर पुलीही (बेल्टला वाट देणारे चाकही) नव्या घ्याव्यात, आणि वॉटर पंप याच बेल्टवर फिरत असेल तर तोही. मजुरीचा मोठा भाग तिथपर्यंत पोहोचण्याचाच असतो. जुने भाग मी मागून घेतले, आणि तसे प्रत्येकाने घ्यावेत. बेल्ट हातात घेऊनही ठीकच दिसत होता. पण आयडलर पुली बोटाने फिरवली तर ती कोरड्या खरखरीने फिरतच राहिली, कारण आतले ग्रीस संपले होते. आणि वॉटर पंपाच्या गळतीसूचक छिद्राखाली वाळलेल्या कूलंटचा पापुद्रा जमला होता. ‘नव्यासारखा’ म्हटलेला बेल्ट या दोघांच्या भरवशावर फिरत होता. कूलंट किंवा ऑईल बेल्टवर गळू लागले तर मुदतीचे आकडे विसरून आधी गळती थांबवावी आणि बेल्ट बदलावा.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. मुदतीचा आकडा दुसऱ्याच्या गाडीवरून घेऊ नये. तो साधारण एक लाख किलोमीटरच्या आसपास असतो असे ढोबळपणे म्हणतात, पण इंजिनागणिक तो बराच कमी किंवा जास्त असतो, आणि कंपन्यांनी एखाद्या इंजिनासाठी छापलेली मुदत नंतर कमी केल्याचेही घडले आहे. म्हणून इंजिन क्रमांक देऊन सध्या लागू असलेले वेळापत्रक मागावे. धूळ, कडक ऊन किंवा थंडी, सततची छोटी अंतरे, इंजिन चालू ठेवून उभे राहणे यांसाठी पुस्तकात बहुधा वेगळा, कमी मुदतीचा तक्ता असतो आणि तो शेवटच्या पानांत दडलेला असतो. वाहतूक कोंडीत इंजिन फिरते पण ओडोमीटर हलत नाही, हेही ध्यानात ठेवावे. काही नव्या इंजिनांत बेल्ट ऑईलमध्येच बुडून फिरतो. तिथे कंपनीने सांगितलेल्या प्रतीचे ऑईल वेळेवर बदलणे ही बेल्टचीच देखभाल असते, कारण चुकीच्या ऑईलमुळे त्याचे रबर फुगते व सुटलेले कण ऑईलच्या वाटा अडवतात.

काम करणाऱ्याला दोन प्रश्न अवश्य विचारावेत : त्या इंजिनासाठी लागणारी लॉकिंगची अवजारे (काम चालू असताना शाफ्ट जागच्या जागी पक्के धरणारी) त्याच्याकडे आहेत का, आणि बेल्ट बसवल्यावर तो क्रँकशाफ्ट हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून दोन्ही शाफ्टच्या वेळ जुळवण्याच्या खुणा पुन्हा जुळवून पाहतो का. दुसऱ्या प्रश्नाला जो वैतागतो त्याच्या हाती इंजिन देऊ नये. नवा बेल्ट दुमडलेला किंवा पिळलेला नसावा. तसे झाले असेल तर आतल्या दोऱ्या आधीच दुखावलेल्या असू शकतात.

माझ्या बिलावर किटचा भाग क्रमांक, तारीख आणि ओडोमीटरचा आकडा लिहून घेतला आहे. तीच माहिती बॉनेटच्या आतल्या बाजूस एका स्टिकरवर आहे, आणि त्याखाली पुढील मुदत दोन्ही आकड्यांत, किलोमीटरमध्येही आणि वर्षांतही, लिहिलेली आहे.