पाणी सोबत घेऊन फिरणारी ट्रॉली : आमची वाटचाल

२०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, तेव्हा माझ्या वॉशिंग सेंटरला कुलूप होतं. पहिली गाडी १० वाघिणींची, एकेका वाघिणीत ५० हजार लिटर. स्टेशनवर बघायला ही गर्दी! मीही गेलो होतो. धनेगावला मांजरा धरणाचा तळ उघडा पडलेला, पाणी भरायच्या ठिकाणी जमावबंदी लागलेली. अशात कोणी रॅम्पवर गाडी चढवून धुवायला घेतली असती तर लोकांनी दगड मारले असते. मारायलाच पाहिजे होते. मला कोणी बंद कर म्हणालं नाही, मीच केलं. गल्लीतल्या बायका घागरी घेऊन रांगेत उभ्या असताना बोअरवर मोटारी धुवायची लाज वाटायची.

बंद दुकानात बसून माणूस दोनच गोष्टी करतो, उधारीची वही बघतो नाहीतर हिशोब करतो. मी पाण्याचा हिशोब केला. माझ्याकडं होता तो एचटीपी पंप, म्हणजे डाळिंबाच्या बागेत फवारणीला असतो तोच. इंजिनाला पट्टा लावायचा आणि गन धरायची. मिनिटाला ३६ लिटर पाणी आणि दाब जेमतेम ३० किलो. (आमच्याकडं दाब किलोत बोलतात, पंपावर बार लिहिलेलं असतं. दोन्हींत फरक किरकोळ आहे.) ट्रॅक्टरच्या पोटाखालची काळी माती वाळली की सिमेंटसारखी बसते. ३० किलोनं ती निघत नाही, भिजून निघते. एका ट्रॅक्टरला ४० मिनिटं गन चालली की १,४४० लिटर गेले. आणि हे आम्ही कित्येक वर्षं बिनघोर करत होतो.

२०० बारचा पंप मिनिटाला १५ लिटरच देतो, पण तीच माती सोलून काढतो. २० मिनिटं, ३०० लिटर. हे गणित कागदावर मांडलं त्या दिवशी खरं म्हणजे आमचा धंदा सुरू झाला. त्याआधीचं नुसतं पाणी सांडणं होतं.

पाऊस झाला, गिऱ्हाईक परत आलं, पण मला आता रॅम्प नको होता. लोक मशीन धुवायला आणतात कुठून? शेतातून. सोयाबीन काढून निघालेलं हार्वेस्टर धुवायला २० किलोमीटर शहरात कोण आणणार? पोल्ट्रीचं शेड तर आणताच येत नाही. जागेवर जायचं तर पाणीही आपणच न्यायचं, कारण उन्हाळ्यात गिऱ्हाइकाकडं पाणी मागितलं की त्याचं तोंड उतरतं.

पंप घ्यायला गेलो तर दुकानदार साडेसहा हॉर्सपॉवरच्या इंजिनावर २५० बारचा पंप बसवून द्यायला तयार. आमचा भाचा आयटीआय झालेला, त्यानं तिथंच मोबाइलवर आकडेमोड केली. बार गुणिले लिटर, भागिले ६००, म्हणजे किलोवॅट. २०० बार आणि १५ लिटरला नुसत्या पाण्याला ५ किलोवॅट लागतात. पंपातली घट धरली तर जवळजवळ ६, म्हणजे ८ हॉर्सपॉवर. आणि पेट्रोल इंजिनावर जे लिहिलेलं असतं ते दिवसभर ओढत नाही. आम्ही १३ हॉर्सपॉवरचं घेतलं. दुकानदार म्हणाला, "मालक, तुम्ही पैसे जास्त घालायलाव." घातले खरे. पण ते इंजिन अजून चालू आहे, आणि शेजारच्या गावात एकानं साडेसहाचं घेतलं होतं त्याचा पिस्टन दुसऱ्याच हंगामात बसला.

पंप आणि पाणी ट्रॅक्टरमागच्या ट्रॉलीवर न्यायचं ठरलं. पहिलं वर्ष उघड्या ट्रॉलीवर काढलं. उन्हानं नळी तडकली, धुळीनं एअर फिल्टर आठवड्याला चोंदायचा, आणि एका लग्नाच्या मांडवाबाहेर रात्री ट्रॉली लावली तर सकाळी गन आणि लान्स, म्हणजे गनपुढची लांब नळी, दोन्ही गायब. तेव्हा ठरवलं, बंद डब्बा करायचा. १० फूट लांब, ६ फूट रुंद, माणूस उभा राहील एवढा उंच. चौकोनी पाइपचा सांगाडा, वरून पत्रा, खाली चेकर प्लेट. कागदाचं आधीच सांगतो. ट्रॉली हे कायद्यानं वेगळं वाहन धरतात, ट्रॅक्टरच्या पासिंगवर तिचं भागत नाही आणि शेतीच्या नावावर भाड्याची कामं करता येत नाहीत. आम्ही हे आधी केलं नाही, नंतर धावपळ झाली. एवढं बास.

खरी गंमत टाकीनं केली. १,००० लिटरची टाकी भरली की एक टन. फॅब्रिकेशनवाल्या मामांना आम्ही ती मागं दाराजवळ बसवायला सांगितली, भरायला सोपी म्हणून. पहिल्याच दिवशी मुरूडच्या रस्त्याला चढावर ट्रॅक्टर हलका वाटायला लागला. मागची चाकं खडीवर घसरायला लागली, स्टिअरिंगला काही होत नव्हतं पण ट्रॅक्टर ढिला पडल्यासारखा. भाचा म्हणाला, "मामा, ट्रॉली आपल्याला उचलायली."

दुसऱ्या दिवशी मार्केट यार्डातल्या काट्यावर गेलो. काट्यावरची रीत सांगतो, कारण ती कोणी सांगत नाही. आधी ट्रॅक्टर आणि ट्रॉली दोन्ही काट्यावर घ्यायचे. मग ट्रॅक्टर एकटा. वजाबाकीत ट्रॉलीचं खरं वजन मिळतं. आमचं आलं २,१८० किलो. मग ट्रॅक्टर काट्याच्या बाहेर, हूक तसाच लावलेला, फक्त ट्रॉलीची चाकं काट्यावर. २,३१०! ट्रॉलीच्या चाकांवर ट्रॉलीपेक्षा १३० किलो जास्त. काटेवाला मशीनकडं बघायला लागला. मशीन बरोबर होतं. टाकी चाकांच्या मागं होती म्हणून ट्रॉलीचं तोंड वर जायला बघत होतं आणि ट्रॅक्टर ते दाबून धरत होता. ते १३० किलो ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवरून कमी झाले होते.

टाकी साडेतीन फूट पुढं घेतली. परत काटा. चाकांवर १,९६०, म्हणजे हूकवर २२० किलो. एकूण वजनाच्या दहाव्या हिश्श्याएवढं हूकवर पाहिजे, थोडं जास्त चालतं, कमी नको. आणि हे टाकी रिकामी झाल्यावरही बघायचं, कारण परत येताना आपण रिकामेच असतो. टाकीत भोकं पाडलेले दोन आडवे पत्रेही घातले. अर्धी टाकी असली की ब्रेकला पाणी पुढं येऊन आदळायचं, ते थांबलं.

पंपानंही शिकवलं. गनचा घोडा सोडला की पाणी बाहेर जात नाही, अनलोडर, म्हणजे पंपावरची झडप, ते फिरवून परत पंपाच्या तोंडाशी आणतो. इंजिन चालूच. तेच दोन लोटे पाणी गोल गोल फिरत तापत राहतं. आमचं गिऱ्हाईक बोलकं. चहा आला की गन खाली आणि ऊस, भाव, निवडणूक सुरू. १५ मिनिटांत पंपाला हात लागेना. तीन आठवड्यांत सील वितळले. शेवटी फिरणारं पाणी पंपाच्या तोंडाशी न आणता नळीनं थेट टाकीत सोडलं. १,००० लिटर तापायला दिवस लागेल. एका टी-जोडाचं आणि चार फूट नळीचं काम होतं, ते आधी कळलं असतं तर सीलचे दोन संच वाचले असते. बोअरचं पाणी जड, त्याचे क्षार नोझलच्या भोकाशी बसतात ते वेगळंच. पंपातून खडे खळखळल्यासारखा आवाज आला की समजायचं, जाळी चोंदली आणि पंप उपाशी आहे. लगेच बंद करायचा.

आता त्या दिवसाबद्दल. निलंग्याकडं एका पोल्ट्रीचं काम होतं. बॅच निघालेली, शेड रिकामं, भुईला विष्ठेचा थर. पाऊस यायला लागला म्हणून मी ट्रॉलीचं मागचं दार अर्धं ओढून घेतलं. इंजिन आत, सायलेन्सर आत, आणि भाचा साबणाची नळी बदलायला आत. मी शेडमध्ये गन धरून. थोड्या वेळानं दाब तसाच पण साबण येईना, म्हणून हाक मारली. उत्तर नाही. जाऊन बघतो तर पोरगं टाकीला टेकून बसलेलं. "मामा, डोकं गरगरायलंय." हाताला धरून ओढून पावसात बसवलं. त्याला ओकारी झाली. दवाखान्यात ऑक्सिजन लावला, संध्याकाळी घरी सोडलं. बहिणीला काय सांगायचं ते मला ६० किलोमीटर सुचलं नाही. शेवटी खरं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "दादा, त्याला वास आला नाही का?" वास येतच नाही. पेट्रोलच्या धुराचा वास येतो, पण मारणारा वायू कार्बन मोनॉक्साइड, त्याला ना रंग ना वास.

लोक सांगतात, सायलेन्सरला पाइप जोडून धूर बाहेर काढा. आम्हीही आधी तेच केलं. पण जोड सैल होतो, पाइप तडकतो, आणि एवढंसं इंजिन डब्ब्यात जी गरम हवा फेकतं ती जाणार कुठं? मे महिन्यात पत्र्याच्या डब्ब्यात इंजिन स्वतःचीच गरम हवा ओढायचं आणि धापा टाकायचं. पंखा बसवला, पण पंखा बॅटरीवर आणि बॅटरी कधी उतरेल याचा नेम नाही. शेवटी फॅब्रिकेशनवाल्या मामांनी कपाटाच्या खणासारखा सरकता पाट करून दिला. कामावर गेलं की दार उघडायचं, इंजिन आणि पंप पाटासकट बाहेर ओढायचे, खिट्टी लावायची, मग दोरी ओढायची. काम संपलं, इंजिन थंड झालं, की आत. खिट्टी लागल्याशिवाय इंजिन सुरू होणार नाही अशी तार जोडली आहे. भाच्यानं केली. पेट्रोलचा कॅनही आत ठेवत नाही, कारण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती खाली साचते. भिंतीत अगदी तळाशी आणि छताजवळ जाळीची खिडकी आहे ती त्यासाठीच.

दुसरी एक गोष्ट पोरांना पहिल्याच दिवशी सांगतो. २०० बारची धार चप्पल कापते. कातडीत घुसली तर बाहेर टोचल्याएवढं दिसतं आणि आत पाणी-घाण खोल गेलेली असते. हळद लावून बसायचं नाही, थेट दवाखाना. गमबूट नसेल तर गन हातात देत नाही, मग मालकाचा पोरगा हट्ट करो नाहीतर जावई.

काही कामं आम्ही घेत नाही. सोलर पॅनलला मोठा दाब लावत नाही. तिथं मऊ ब्रश, गाळलेलं बिनक्षाराचं पाणी आणि पहाटेची वेळ, काच तापायच्या आधी. एका गावानं जुनी बारव धुवायला बोलावलं होतं. सुंदर बारव, देवकोष्ठांतल्या मूर्ती झिजलेल्या, दगडाचे पापुद्रे सुटलेले. सरपंच म्हणाले, "एका दिवसात चकाचक करा." म्हटलं, चकाचक होईल, पण नाक-डोळे राहणार नाहीत. नारळाच्या काथ्याचे ब्रश आणि बादल्या घेऊन पोरांनी चार दिवस घासलं. पैसे अर्धेच मिळाले. काही वाटलं नाही.

रॅम्प केव्हाच मोडला. जुना एचटीपी मी गोठ्यात टाकून दिला होता. पितळ म्हणून भंगारवाला दोनदा विचारून गेला, दिला नाही, का ते माहीत नाही.

२०२५ च्या सप्टेंबरमध्ये मराठवाड्यात पाऊस थांबेना. ज्या मांजरेचा तळ बघितला होता ती पात्र सोडून शिवारात आलेली. पाणी ओसरल्यावर नदीकाठच्या एका शाळेतून फोन आला. ट्रॉली चिखलातून कशीबशी नेली. वर्गात गुडघ्याखाली गाळ, बाकं त्यात रुतलेली, फळ्याच्या मध्यापर्यंत पाण्याची रेघ. मी दिमाखात २०० बारची गन उघडली. गाळ भिंतीवरून उडून छताला लागला, छतावरून आमच्या अंगावर. तासाभरात एक कोपरा झाला, तोही धड नाही. धार गाळात भोक पाडत होती, गाळ हलत नव्हता. त्याला ढकलायला दाब नको होता, पाणी पाहिजे होतं. विहीर तर काठोकाठ भरलेली.

भाच्याला गावाकडं पाठवलं. संध्याकाळी तो एचटीपी टेम्पोत घालून घेऊन आला, नवा पट्टा, नवी चकती. दुसऱ्या दिवशी गावातली पोरं फावडी घेऊन पुढं, मागून ३६ लिटरची धार, सगळं दाराबाहेर. शेवटचा हात फक्त मोठ्या पंपाचा, तोही रुंद पंख्याच्या पांढऱ्या नोझलनं, लांबून. सहा वर्ग दोन दिवसांत झाले. पैसे घेतले नाहीत, डिझेल गावानं घातलं, आणि मुख्याध्यापक बाईंनी दोन्ही दिवस सगळ्यांना पिठलं-भाकरी खाऊ घातली.

एचटीपी आता ट्रॉलीत पुढच्या कोपऱ्यात कायमचा बसवलाय. ६० किलो वाढले म्हणून परत काट्यावर गेलो. काटेवाला आता ओळखतो. हूकवर २६५ आलं. चालतंय.