व्हील रेक: गवताचं सेटिंग वेगळं, मक्याच्या ताटांचं वेगळं

मक्याच्या ताटांची पहिली गोल गाठ जनावरांपुढे सोडली तेव्हा आतून मातीच पडायला लागली. मुठीएवढी ढेकळं, मुळासकट उपटून आलेली धसकटं, आणि पाल्यावर धुळीचा असा थर की हाताला नुसता खरखर लागत होता. जनावरांनी वरवरचा पाला ओढून खाल्ला, बाकीचं तुडवलं. बेलरने, म्हणजे गाठ बांधणाऱ्या यंत्राने, समोर आलं ते गुंडाळलं, त्याचा काय दोष, माती ओळीत आणली ती रेकने, म्हणजे कापलेला चारा ओढून ओळीत लावणाऱ्या यंत्राने, आणि रेक तसा लावला होता मी. हे नीट कळायला मला दोन हंगाम लागले, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय, कुणाची एक गाठ जरी वाचली तरी बरं.

आधी निवडीचं सांगतो. मी रोटरी रेकही बघितला होता, तो पीटीओवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या शाफ्टवर चालतो, ओळ फुगीर आणि हलकी टाकतो, मातीही कमी घेतो, काम खरंच चांगलं आहे त्याचं. पण महाग, गिअरबॉक्स आला, शाफ्ट आला, आणि मला लहान ट्रॅक्टरवर जास्त रुंदी हवी होती. व्हील रेकमध्ये फिरवायला काहीच लागत नाही. दात्यांची चाकं चालायच्या दिशेला तिरपी लावलेली असतात, ओढली की जमिनीच्या आणि गवताच्या घासण्याने आपोआप फिरतात आणि माल एका चाकाकडून दुसऱ्याकडे सरकत सरकत मध्ये ओळीत जातो. म्हणजे चाकांचा वेग ट्रॅक्टरच्या वेगावरच ठरतो, हे डोक्यात पक्कं बसवा, पुढे ताटांना हेच कामी येतं.

किती चाकांचा घ्यायचा हे ज्याने त्याने आपल्या कापणी यंत्राच्या रुंदीवरून ठरवावं. माझं यंत्र 2.8 मीटर कापतं, दोन पट्टे एकत्र ओढायचे तर 5.6 मीटर झाले, 10 चाकांचा व्ही रेक (चाकांच्या दोन रांगा इंग्रजी V सारख्या असतात तो) साधारण 6 मीटर घेतो, तो बसला. 8 चाकांचा स्वस्त मिळत होता पण दुसऱ्या पट्ट्याची कड सुटली असती. जुनाच घेतला, आणि घेताना प्रत्येक चाक उचलून हाताने फिरवून बघितलं, बेअरिंग आवाज करतंय का, चाक डुलतंय का, फ्रेमला वेल्डिंगपाशी चीर गेलीय का. दाते तर एकेक मोजले, माझ्या रेकला एका चाकाला 40 आहेत. खिशात एक नवा दाता नेला होता, तो जुन्याशेजारी धरला की झीज लगेच दिसते. दोन चाकांचे दाते बोटभर तोकडे निघाले ते तिथेच बदलून मागितले.

आता सेटिंग, आणि हीच माझी मोठी चूक झाली होती. मला वाटायचं दाते जमिनीला घट्ट दाबले की काही मागे राहणार नाही, म्हणून स्प्रिंगा आवळतच गेलो. खरं तर कापताना 7 ते 10 सेंटीमीटर खुंट ठेवला की गवत त्या खुंटांवर तरंगतं, दात्याने खुंटांच्या शेंड्यातून फणीसारखं जायचं असतं, माती खरवडायचं कामच नाही त्याचं. जास्त दाबलं की माती येते, दाते झिजतात, मोडतात, आणि गवत ओलसर असेल तर दोरासारखं पिळलं जातं, ते बेलरमध्ये गोळा होऊनच जातं आणि आत वाळतही नाही.

आता मी रेक सपाट जागेवर उभा करतो, दोन्ही टायरांत हवा सारखी, हिच, म्हणजे ट्रॅक्टरची जोडणी, अशी लावतो की फ्रेम पुढेमागे समतल दिसते, कारण फ्रेम पुढे झुकली तर पुढची चाकं रुततात आणि मागची हवेत राहतात, मग स्प्रिंगांशी कितीही खेळा. त्यानंतर प्रत्येक चाकाला ताणकाटा अडकवून वर ओढून बघतो, कितीवर उचललं जातं ते खडूने फ्रेमवर लिहितो आणि सगळी चाकं एकसारखी करतो. अर्धा तास जातो, पण हंगामभर पुरतं. मग शेतात पन्नास पावलं चालवून खाली उतरायचं आणि मागे बघायचं. मातीवर ओरखडे दिसले तर दाब कमी करा, सगळीकडेच थोडं थोडं गवत राहिलं तर किंचित वाढवा, पण एकाच रेषेत सुटत असेल तर स्प्रिंगला हात लावू नका, त्या चाकाचा दाता वाकलाय किंवा गेलाय.

ओळीची रुंदी रेकच्या मागच्या बाजूला किती मोकळी जागा ठेवली त्यावर ठरते, ती बेलरच्या पिकअपएवढी, म्हणजे माल उचलणाऱ्या भागाएवढी ठेवली. आधी अरुंद ओळ मधोमध जायची आणि गाठ पिंपासारखी पोट सुटलेली निघायची, कडा ढिल्या. मधला किकर म्हणजे ते एकटं चाक गवताला ठेवाच, नाहीतर ओळीखालचा पट्टा हलवलाच जात नाही आणि तिथे ओल राहते. लसूणघासाला ओलावा 40 टक्क्यांच्या आसपास असताना किंवा सकाळी दव असताना ओढतो, कडक वाळल्यावर ओढलं की पानं झडतात आणि खरा चारा तर पानातच. गाठ मात्र 15 ते 18 टक्क्यांवर आल्यावरच.

ताटांना यातलं बरंच उलटं. आधी श्रेडर फिरवून ताटं फोडून घ्यायची, नाहीतर लांब ताट चाकाच्या दात्यांत भाल्यासारखं घुसतं आणि चाकाबरोबर गरगर फिरत बसतं. चाकांना पत्र्याच्या चकत्या लावल्या, त्याने हे अडकणं जवळजवळ बंदच झालं. वेग गवताला मी ताशी 12 किलोमीटरपर्यंत नेतो, ताटांना 8. जोरात नेलं की चाकं जोरात फिरतात आणि धसकटंच उपटतात. आणि मक्याच्या तासांना समांतर चालवू नका, थोडं तिरपं चालवा, समांतर गेलं की एखादं चाक सबंध शेतभर धसकटांच्या रांगेवरच आपटत राहतं.

दाब? गवतापेक्षा किंचितच जास्त, चाक फिरत राहील इतकाच. चाक थांबलं की ते माल फिरवत नाही तर ढकलतं, आणि ढिगाबरोबर माती येते. चाक थांबतंय असं दिसलं तर स्प्रिंग आवळण्याआधी रेकची रुंदी कमी करून बघा, माल कमी आला की तेच चाक फिरायला लागतं. मला हे कुणी आधी सांगितलं असतं तर ती पहिली गाठ वाया गेली नसती. किकर ताटांत वर उचलून ठेवतो, माझ्याकडे तो मातीच उकरत होता. आणि सगळं झाडून नेऊ नका, थोडा पाला जमिनीवर राहिला तर पावसात माती धुपत नाही.

शेत झालं की दाते परत मोजतो, हे कधीच चुकवत नाही, मोडका दाता ओळीत गेला तर तो गाठीत आणि गाठीतून जनावराच्या पोटात जातो. गेल्या वेळी दोन कमी भरले. एक वळणावर बांधाजवळ सापडला, दुसऱ्यासाठी बेलर थांबवून ठेवला आणि ज्या ओळीत चाकाची रेघ सुटलेली दिसत होती ती हाताने उकरत गेलो, अंधार पडायच्या आत मिळाला.