तुम्ही विचारलंत म्हणून: पावसात आपोआप जुळणारा इक्वलायझर काय करतो?

उपग्रहाच्या भूकेंद्रावर मी नोकरी केली, हे ठाऊक असलेली मंडळी कोल्हापुरात मला एक प्रश्न हमखास विचारतात, आणि तो बहुधा जुलैतच विचारला जातो. गगनबावड्याकडून ढग येऊन पावसाने झोडपायला सुरुवात केली आणि टीव्हीवर सिग्नल नसल्याची पाटी आली, की राजारामपुरीतले आमचे शेजारी म्हणतात, "साहेब, सिग्नल आपोआप सरळ करणारं यंत्र असतंय म्हणता, मग ते आत्ता कुठं गेलंय?"

प्रश्न रास्त आहे. यंत्र जागच्या जागी असते आणि आपले काम करीतही असते. पण सिग्नल विकृत होणे आणि सिग्नल क्षीण होणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि इक्वलायझरची, म्हणजे या सरळ करणाऱ्या यंत्राची, मात्रा फक्त पहिलीवर चालते.

विकृती कशी येते ते आधी पाहू. डीडी फ्री डिशची छत्री असेल, तर ती आपल्याकडे आग्नेयेला, क्षितिजापासून सुमारे 60 अंश वर, 93.5 अंश पूर्व रेखांशावरच्या जीसॅट-15 कडे तोंड करून असते. विषुववृत्तावर 35,786 किलोमीटर उंचीवर असलेला असा उपग्रह खालून आलेला सिग्नल नुसता परतवून लावत नाही. त्यावरच्या ट्रान्सपाँडरमध्ये, म्हणजे सिग्नल घेऊन पुन्हा खाली पाठवणाऱ्या संचात, आधी एक फिल्टर, मग शक्तिशाली अ‍ॅम्प्लिफायर आणि त्यानंतर पुन्हा फिल्टर, अशा वाटेने तो जातो. ट्रान्सपाँडरच्या लहरीपट्ट्याची रुंदी साधारणपणे 36 मेगाहर्ट्झ धरली, तर मधल्या भागातल्या लहरी सुखरूप पार होतात; कडेच्या लहरी मात्र थोड्या दबतात आणि शिवाय किंचित उशिरा बाहेर पडतात. सिग्नल म्हणजे एकामागून एक पाठवलेली ठरावीक चिन्हे; या उशिरामुळे एका चिन्हाची शेपटी पुढच्या चिन्हावर सांडते. गणपतीत साऊंडवाला पट्ट्या वरखाली करून सभागृहाने खाल्लेला आवाज भरून काढतो, तसेच इक्वलायझरचे हे काम. फरक एवढाच की इथे जोराबरोबर वेळही सारखी करावी लागते.

पूर्वी ही जुळवणी हातानेच होत असे. एक जण मोजणीयंत्राच्या पडद्यावरची रेघ पाहत सूचना देई आणि दुसरा रॅकपुढे बसून प्लास्टिकच्या पेचकसाने स्क्रू फिरवी, कारण धातूचा पेचकस नुसता जवळ नेला तरी जुळणी हलते. रेघेचे एक टोक सरळ झाले की दुसरे वाकायचे, त्यामुळे या कामाला ज्ञानापेक्षा चिकाटीच जास्त लागे. वाहिनी किंवा ट्रान्सपाँडर बदलला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

हे काम यंत्राकडे सोपवण्याची युक्ती उपग्रहासाठी निघालीच नव्हती. 1960 मध्ये विड्रो आणि हॉफ या संशोधकांनी चूक थोडी थोडी कमी करीत नेण्याची एक साधी रीत मांडली, आणि 1965 मध्ये बेल लॅब्ज या अमेरिकेतल्या टेलिफोन-संशोधन संस्थेच्या रॉबर्ट लकी यांनी टेलिफोनच्या तारांसाठी स्वतः जुळणारा इक्वलायझर दाखवला. रीत अशी: आलेल्या सिग्नलचे लागोपाठचे नमुने घ्यायचे, प्रत्येकाला एका गुणकाने गुणून बेरीज करायची, अपेक्षित चिन्हापासून ती बेरीज किती दूर पडली ते पाहायचे आणि त्या प्रमाणात प्रत्येक गुणक किंचित हलवायचा. अपेक्षित चिन्ह ओळखायला डीव्हीबी-एस2 या उपग्रह-प्रक्षेपणाच्या पद्धतीत मदतही आहे, कारण प्रत्येक फ्रेमच्या, म्हणजे चिन्हांच्या गठ्ठ्याच्या, आरंभी 26 ठरलेली चिन्हे येतात. काहीच ठाऊक नसेल, तरी आठ बिंदूंच्या मांडणीत (प्रत्येक चिन्ह म्हणजे आलेखावरच्या आठ ठरलेल्या बिंदूंपैकी एक) सगळे बिंदू एकाच वर्तुळावर असायला हवेत एवढी माहिती पुरते. या तत्त्वावर गोदार या संशोधकाने 1980 मध्ये मांडलेली रीत आजही वापरात आहे. मॉडेमच्या पडद्यावर हे पाहण्यासारखे असते: सुरुवातीला पसरट, एकमेकांत मिसळलेले डाग दिसतात आणि क्षणार्धात त्यांचे आठ सुटे ठिपके होतात.

अ‍ॅम्प्लिफायरची गोष्ट मात्र अवघड आहे. त्याच्याकडून पुरेपूर शक्ती काढायची म्हटली की जोरकस चिन्हे दबतात आणि त्यांची कलाही (लहरीची चढउतारातली जागा) फिरते. सोळा बिंदूंच्या मांडणीत बाहेरचे बारा बिंदू आत ओढले जाऊन तिरपे होतात. नुसत्या गुणाकार-बेरजेने हे सुटत नाही, आणि हजारो घरांतल्या बॉक्सांनी ते आपापले सोडवण्यापेक्षा सिग्नल वर पाठवतानाच तो उलट दिशेने मुद्दाम वाकवून पाठवणे शहाणपणाचे. त्यासाठी भूकेंद्र आपलाच सिग्नल परत ऐकते, पाठवलेल्याशी ताडून पाहते आणि वाकवण्याचे प्रमाण बदलते. जाऊन यायलाच जवळजवळ पाव सेकंद लागत असल्यामुळे ही दुरुस्ती सावकाशच करावी लागते; पण तापमानाने आणि वयाने ट्रान्सपाँडरचा स्वभावही सावकाशच बदलत असल्याने ते चालते.

आता पाऊस. फ्री डिशचा सिग्नल केयू बँडमध्ये, म्हणजे 11 ते 12 गिगाहर्ट्झच्या आसपास येतो, आणि या लहरींची शक्ती पावसाचे थेंब शोषतात व विखुरतात. शिवाय पाऊस स्वतःचा रव, म्हणजे नको असलेली खरखर, डिशमध्ये ओततो. सिग्नल खाली जातो आणि रव वर येतो. इक्वलायझरने सगळेच उचलले तर रवही तितकाच उचलला जातो, आणि चिन्हे ओळखू येईनाशी झाली की तो चुकीच्या चिन्हांवरून शिकू लागतो. म्हणून माझे मत असे की मुसळधार पावसात गुणक गोठवून ठेवावेत आणि पाऊस ओसरल्यावरच पुन्हा मोकळे सोडावेत. सगळे आपोआप व्हावे असा हट्ट धरणाऱ्यांना हे पटत नाही. दुहेरी दळणवळणात पाऊस वाढला की वेग कमी करून संपर्क टिकवता येतो, पण प्रक्षेपणात ती सोय नाही, कारण कोल्हापुरात कोसळत असताना सोलापुरात ऊन असू शकते.

शेजाऱ्यांना मी सांगतो ते एवढेच. 60 सेंटिमीटरच्या जागी 90 सेंटिमीटरची डिश लावली तर सिग्नलच्या जोरात सुमारे साडेतीन डेसिबल (म्हणजे दुपटीहून थोडी जास्त शक्ती) पदरात पडतात, आणि मध्यम पाऊस तेवढ्यावर निभावतो. पाऊस थांबल्यानंतरही चित्र तुटत असेल, तर ढगांना दोष न देता एलएनबीवरचा (डिशपुढच्या दांडीवरच्या डबीवरचा) कनेक्टर उघडून आत पाणी शिरले आहे का ते पाहावे, हिरवट झाले असेल तेवढे केबलचे टोक कापून नवा कनेक्टर लावावा आणि केबलला खाली एक वळसा द्यावा, म्हणजे पाणी कनेक्टरकडे न जाता वळशावरून गळून पडते.