सिटकॉममधली स्त्रीवादी नायिका कशी ओळखायची?

विनोदी मालिकांमधली खरी स्त्रीवादी नायिका कोण, असं तुम्ही विचारलंत. नाव घेण्याआधी एक बघा: एका भागात तिने जे मिळवलं, ते पुढे टिकतं का? सिटकॉमचा साचाच असा की अर्ध्या तासात घोळ होतो, निस्तरतो आणि सगळे पुन्हा त्याच सोफ्यावर. मध्येच बाईने तावातावाने भाषण ठोकलं, तरी पुढच्या आठवड्यात त्याचा मागमूस नसतो.

म्हणून मला 'मेरी टायलर मूर शो' ही अमेरिकन मालिका महत्त्वाची वाटते. १९७० ते १९७७, सात पर्वं. नायिका मेरी रिचर्ड्स तिशीची, अविवाहित. (लेखकांना ती घटस्फोटित हवी होती, वाहिनीला ते झेपलं नाही. मग मोडलेल्या लग्नाच्या बोलणीवर भागवलं.) पहिल्याच भागात ती मिनिआपोलिसच्या टीव्ही केंद्रात सेक्रेटरीच्या जागेसाठी जाते. ती जागा भरलेली. साहेब, लू ग्रँट, म्हणतात, सहनिर्मातीची जागा आहे, पण आठवड्याला दहा डॉलर कमी. पंधरा कमी चालत असतील तर निर्मातीच करतो! मेरी म्हणते, मला सहनिर्माती होणंच परवडेल. मोठं पद, छोटा पगार, प्रेक्षक हसतात.

१९७२ मध्ये त्याच विनोदाची वसुली होते. तिच्या जागी आधी असलेल्या पुरुषाला आठवड्याला पन्नास डॉलर जास्त मिळत होते, हे तिला कळतं. का, तर त्याला कुटुंब होतं. मग तीन मुलांच्या बापाला दोन मुलांच्या बापापेक्षा जास्त पगार देता का, हा तिचा सवाल. साहेबांकडे उत्तर नाही. तरी बाकीचे त्यांना 'लू' म्हणतात आणि ही शेवटपर्यंत 'मिस्टर ग्रँट'. तेही खरंच वाटतं. बंडखोर बाई प्रत्येक बाबतीत बंडखोर नसते.

त्याच वर्षी 'मॉड' या दुसऱ्या अमेरिकन मालिकेतली सत्तेचाळिशीची नायिका दोन भागांत गर्भपाताचा निर्णय घेते आणि तो पार पाडते. ऐनवेळी गर्भ आपोआप पडला, अशी सोयीची पळवाट लेखिका सुझन हॅरिसने काढली नाही. पुनःप्रक्षेपणाच्या वेळी अनेक स्थानिक केंद्रांनी ते भाग दाखवायला नकार दिला.

फसगत होते ती 'बावळट नवरा, हुशार बायको' या जोडीत. ती कायम बरोबर असते, म्हणून ती सबळ वाटते. पण घरकाम सगळं तिच्याच माथी, आणि हशा नवऱ्याचा. विनोदी मालिकेत चुकायचा हक्क नसणं म्हणजे दुय्यम भूमिकाच. उलट 'आय लव्ह लूसी' या जुन्या अमेरिकन मालिकेतली लूसी दर भागात हरते, पण चॉकलेटच्या कारखान्यातला पट्टा सुसाट सुटतो आणि ती तोंडात, टोपीत चॉकलेटं कोंबत सुटते, तेव्हा अख्खा प्रसंग तिच्या ताब्यात असतो.

सुरुवात करायची तर मेरीचा पहिला भाग आणि तिसऱ्या पर्वाचा पहिला, पगाराचा, लागोपाठ बघा.