चिंचेचा चोथा आणि रेडिंगची किटली

इंग्लंडमध्ये रेडिंगला राहायला आल्यावर पहिल्याच महिन्यात आमच्या विजेच्या किटलीच्या तळाशी पांढरा, खडबडीत थर धरू लागला आणि काळ्या चहावर तेलकट दिसणारा तवंग येऊ लागला. साबण लावून दोनदा घासले, तरी थर हलेना. नाशिकला आमच्या घरी गंगापूर धरणाचे पाणी येते, त्यामुळे भांड्यावर असे पुट चढलेले मी क्वचितच पाहिले होते. बोअरचे पाणी वापरणाऱ्या मावशीच्या नळांवरचे पांढरे डाग मात्र मला तेव्हा आठवले. टेम्सच्या या खोऱ्यात जमिनीखाली खडूचे, म्हणजे मऊ चुनखडीचे, जाड थर आहेत. त्यांतून झिरपणाऱ्या पाण्यात कॅल्शियमचे क्षार विरघळतात आणि पाणी तापले की तेच कॅल्शियम कार्बोनेट होऊन भांड्याला चिकटतात.

फोनवर आईला हे सांगितले, तेव्हा तिने एवढेच विचारले, "त्यात आंबट काही घालून पाहिलंस का?"

त्याच संध्याकाळी थर बुडेल इतके पाणी आणि तेवढेच पांढरे व्हिनेगर किटलीत ओतले, ते कोमट केले आणि किटली बंद करून ठेवली. झाकण उघडून कान लावला तर बारीक सळसळ ऐकू येत होती. तळावरून बुडबुड्यांच्या माळा वर येत होत्या आणि थराचे पापुद्रे कडेने सुटत होते. आम्लाने चुना विरघळतो आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, हे शाळेत वहीत लिहून घेतलेले वाक्य मी त्या दिवशी प्रथमच डोळ्यांनी पाहिले. तासाभराने तळ लख्ख झाला. त्यानंतर दोन वेळा साधे पाणी उकळून फेकून दिले, म्हणजे चहाला वास राहिला नाही.

आईला रसायनशास्त्र कोणी शिकवले नव्हते, पण कोणत्या डागाला आंबट लागते आणि कोणत्या डागाला खारे, हे तिला पक्के ठाऊक आहे. नाशिकच्या भांडी बाजारातून आजीने घेतलेला तांब्याचा गडू, ज्यातून ती गंगेवरून, म्हणजे गोदावरीवरून, पाणी आणत असे, आमच्या घरी दर शुक्रवारी घासला जाई. त्यासाठी चिंचेचा कोळ कधी वापरला जात नसे. आमटीसाठी कोळ काढून झाल्यावर उरलेला चोथा मोरीपाशी एका वाटीत ठेवलेला असे. त्यावर चिमूटभर मीठ टाकून आई गडू चोळायची, आणि काळपट तपकिरी रंगाखालून गुलाबी तांबे हळूहळू उजळत वर यायचे. चिंचेतील टार्टारिक आम्ल तांब्यावरचे ऑक्साइड सोडवते आणि मीठ त्याला मदत करते. मात्र आंबट अंगावर राहिले तर तांब्यावर हिरवा गंज चढतो, म्हणून भांडे लगेच भरपूर पाण्याने धुवायला हवे. तो गडू आता माझ्याकडे आहे. इथे तो नुसता धुऊन पालथा घातला तर वाळल्यावर पाण्याच्या प्रत्येक थेंबाचे पांढरे वर्तुळ उमटते, त्यामुळे मी तो तत्काळ सुती फडक्याने पुसते.

तेलकट चिकटपणाचे मात्र वेगळे आहे. शेगडीभोवतीच्या फरशीवर, एक्झॉस्ट पंख्याच्या पात्यांवर बसलेल्या तुपातेलाच्या थराला आंबटाचा फारसा उपयोग होत नाही. तिथे खाण्याच्या सोड्याची ओलसर लापशी लावून पंधरा मिनिटे ठेवावी आणि गरम पाण्याच्या फडक्याने पुसावी. आजी राखेने भांडी घासायची त्यामागेही हेच कारण होते, कारण लाकडाच्या राखेत सोड्यासारखाच तेलकटपणा सोडवणारा क्षार असतो आणि तिचे कण घासायलाही उपयोगी पडतात. ॲल्युमिनियमच्या भांड्याला सोडा लावू नये, त्याने ते काळवंडते. कुकर आतून काळा पडू नये म्हणून पाण्यात लिंबाची फोड टाकण्याची आपली रीतच योग्य आहे.

सोडा आणि व्हिनेगर एकत्र करण्याचा सल्ला हल्ली सगळीकडे दिला जातो, तो मला पटत नाही. फेस पाहून समाधान वाटते, पण दोघे एकमेकांना निष्प्रभ करतात आणि मागे जवळजवळ खारट पाणीच उरते. वापरायचेच असतील तर एकानंतर एक, मध्ये धुऊन वापरावेत.

दोन गोष्टी मात्र मी प्रत्येकीला आवर्जून सांगते. आपल्या जुन्या घरांतील शहाबादी फरशी आणि कडाप्प्याचा ओटा हे दोन्ही चुनखडीचेच दगड आहेत, त्यामुळे त्यांवर लिंबू किंवा व्हिनेगर टाकले की किटलीतल्या थराचे झाले तेच दगडाचे होते आणि चकाकी कायमची जाते. दुसरी गोष्ट जिवाशी संबंधित आहे. पहिल्या हिवाळ्यात खिडक्या बंद असताना मी ब्लीच टाकलेल्या बेसिनमध्येच व्हिनेगर ओतले, आणि क्षणात घसा जळू लागला, डोळ्यांतून पाणी वाहू लागले. आम्ल मिसळल्यावर ब्लीचमधून क्लोरीन वायू निघतो, आणि आपल्याकडच्या संडास धुण्याच्या आम्लानेही तेच घडते. ही दोन्ही कधीच एकत्र करू नका.

मावशीच्या नळासाठी मात्र मी उपाय कळवला आहे: व्हिनेगरमध्ये भिजवलेले फडके अर्धा तास नळाला गुंडाळायचे, मग जुन्या दातब्रशने हलकेच घासून धुवायचे आणि कोरडे पुसायचे. फडके रात्रभर ठेवले तर मुलामा खराब होतो. व्हिनेगर नसेल, तर सरबत करून उरलेल्या लिंबाच्या साली नळावर चोळल्या तरी चालतात.