लाइन गेली तर यंत्र कुठून पुढे चालते? हौशी लेझर कटर आणि त्यांचे सॉफ्टवेअर

गेल्या आठवड्यात गावातील एक सुतारकाका माझ्या खोलीत लेझर कटर पाहायला आले. तान्ह्या पोळ्यासाठी लाकडी नंदी घडवणे हे त्यांचे वर्षानुवर्षांचे काम आहे, आणि आता मुलासाठी असे यंत्र घ्यावे, असा विचार त्यांच्या घरात चालला आहे. पंधरा मिनिटे यंत्र शांतपणे पाहिल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला, "भाऊ, लाइन गेली तर हे जिथं थांबलं तिथूनच पुढं चालते का?" वर्धा जिल्ह्यातील या खेड्यात मी तीन वर्षांपासून लेझर कटरवर दारावरच्या पाट्या, नंदी आणि शाळांसाठी लहानसहान साहित्य तयार करतो. या यंत्रांची तुलना करण्यासाठी याहून नेमका प्रश्न मला अजून मिळालेला नाही. त्याचे उत्तर जाहिरातीतील वॅटच्या आकड्यात सापडत नाही, सॉफ्टवेअरमध्ये शोधावे लागते.

तरीही आधी वॅटविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण बहुतेकांची फसगत तिथेच होते. स्वस्त यंत्रांच्या जाहिरातीत '४० वॅट' किंवा '९० वॅटचा परिणाम' असे ठळक लिहिलेले असते, पण पुष्कळदा भिंगातून बाहेर पडणाऱ्या प्रकाशाची शक्ती ५ वॅटच्या आसपासच असते. या यंत्रांत किरण डायोड नावाच्या छोट्या इलेक्ट्रॉनिक घटकातून येतो. निळ्या प्रकाशाचा, म्हणजे साधारण ४५० नॅनोमीटर तरंगलांबीचा एक डायोड ५ ते ६ वॅट देतो. १० वॅटच्या मॉड्यूलमध्ये अशा दोन डायोडांचे किरण एकत्र आणलेले असतात आणि २० वॅटच्या मॉड्यूलमध्ये चार डायोडांचे. म्हणून विक्रेत्याला 'प्रकाशाची शक्ती किती' असे स्पष्ट विचारावे आणि त्याचे उत्तर लेखी घ्यावे. माझ्या यंत्राची प्रकाशशक्ती १० वॅट आहे. हवेचा पंप जोडल्यावर ते ३ मिलिमीटरचा एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेला फळा, मिनिटाला साधारण २५० मिलिमीटर वेगाने एका फेरीत कापते, आणि माझ्या कामाला तेवढे पुरते.

दुसरा प्रकार कार्बन डायऑक्साइड वायूच्या काचेच्या नळीचा. त्याची तरंगलांबी १०.६ मायक्रोमीटर असल्यामुळे तो पारदर्शक अ‍ॅक्रेलिक सुरेख कापतो. निळा किरण मात्र त्याच अ‍ॅक्रेलिकमधून आरपार निघून जातो, त्यामुळे डायोडच्या यंत्रावर पारदर्शक पाटी कापण्याची अपेक्षा ठेवू नये. या प्रकारातील सर्वांत स्वस्त आणि जगभर पसरलेले यंत्र म्हणजे चीनमधून येणारे के-४०. ते घेण्याचा विचार मीही केला होता. तो सोडला तो आपल्या उन्हाळ्यामुळे. या नळीला सतत पाणी फिरवून थंड ठेवावे लागते आणि ते पाणी साधारण १५ ते २५ अंशांच्या दरम्यान असावे लागते. मे महिन्यात जिथे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तिथे बादलीतील पाणी कामाला सुरुवात होण्याआधीच मर्यादेबाहेर गेलेले असते. सीडब्ल्यू-३००० नावाचे जे स्वस्त शीतक सोबत विकले जाते, त्यात केवळ पंखा आणि रेडिएटर असतात, म्हणून ते पाणी खोलीतील हवेपेक्षा थंड करू शकत नाही. कॉम्प्रेसर असलेले सीडब्ल्यू-५००० हे काम करते, पण त्याची किंमत आणि त्याची वीज हिशेबात धरली की 'स्वस्त' हा शब्द के-४०ला लागू राहत नाही. डायोडलाही उष्णता मानवत नाही, हे खरे. मी उन्हाळ्यात पहाटे पाच ते नऊ या वेळेतच कापण्याचे काम करतो.

आता मूळ विषयाकडे येतो. हौशी यंत्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये मला दोन घराणी दिसतात. एका घराण्यात यंत्राच्या आत ग्रबल नावाचे मुक्त स्रोत फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या बोर्डातच बसवलेले सॉफ्टवेअर, असते. सिमेन स्वाले स्कोग्सरुड यांनी २००९ मध्ये ते साध्या आर्डुइनो बोर्डासाठी सुरू केले. ते जी-कोड ही यंत्रांची जुनी, सर्वांना ठाऊक असलेली भाषा समजते, त्यामुळे यंत्र कोणत्याही कंपनीचे असले तरी ते चालवण्यासाठी सॉफ्टवेअर आपण निवडू शकतो. दुसऱ्या घराण्यात यंत्र आणि त्याचे अ‍ॅप एकाच कंपनीचे असते आणि दोघांचे आपापसांतले बोलणे बाहेरच्याला कळत नाही. के-४० हे यांच्या मधले विचित्र उदाहरण आहे. त्याचा मूळ एम-२ नॅनो बोर्ड जी-कोड समजत नाही आणि शक्ती सॉफ्टवेअरमधून बदलता न येता पुढच्या पट्टीवरील बटणाने ठरवावी लागते. तरी के-४० व्हिस्परर आणि मीर-के-४०-टी ही दोन मोफत सॉफ्टवेअर उत्साही लोकांनीच त्याच्यासाठी लिहिली आणि मूळ सॉफ्टवेअरच्या जाचातून हजारो वापरकर्त्यांना सोडवले.

माझे पहिले यंत्र दुसऱ्या घराण्यातील होते. कंपनीचे नाव इथे देत नाही. यंत्र दिसायला देखणे होते आणि पहिल्या दिवशी अर्ध्या तासात त्यावर नाव कोरता आले, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. परंतु त्याचे अ‍ॅप उघडताना प्रत्येक वेळी खात्यात प्रवेश करावा लागे. त्या वर्षी पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात पावसामुळे मोबाइलचा टॉवर दोन दिवस बंद राहिला. वीज होती, एमडीएफ कापून ठेवलेला होता, फाइल तयार होती आणि चाळीस नंदींची मागणी पुरी करायची होती. तरीही यंत्र माझ्यासमोर निर्जीव पडून होते. अमेरिकेतील ग्लोफोर्ज या प्रसिद्ध यंत्राची रचनाही अशीच आहे, कारण त्याच्या आकृतीवरची प्रक्रिया कंपनीच्या सर्व्हरवर होते आणि इंटरनेटशिवाय काम पुढे जात नाही. शहरातील अखंड जोडणीत हे खटकणार नाही. आमच्याकडे मात्र असे यंत्र घेणे म्हणजे स्वतःच्या खोलीतील हत्याराची किल्ली दुसऱ्याच्या हाती देणे आहे, आणि त्या दोन दिवसांची हळहळ मला अजूनही आहे.

या दुसऱ्या, म्हणजे बंद घराण्यातील सगळीच यंत्रे अशी नसतात. एक्सटूल कंपनीचे मोफत सॉफ्टवेअर, जे आधी क्रिएटिव्ह स्पेस आणि आता स्टुडिओ या नावाने मिळते, नवशिक्यासाठी खरोखर सोपे आहे, आणि त्यांचे डी-१ प्रो हे झाकण नसलेले यंत्र लाइटबर्न या दुसऱ्या कंपनीच्या सॉफ्टवेअरवरही चालते. त्यांच्या एस-१ या झाकणबंद यंत्राचा मला हेवा वाटतो तो सुरक्षिततेमुळे. अंगणात लहान मुले खेळत असतील, तर रंगीत चष्म्यापेक्षा किरण आतच अडवणारे झाकण अधिक मोलाचे आहे. उघड्या यंत्राचा किरण लेझरच्या चौथ्या, म्हणजे सर्वांत धोकादायक वर्गात मोडतो आणि त्याचे परावर्तनही डोळा कायमचा निकामी करू शकते. म्हणून माझ्या खोलीला आतून कडी असते.

ग्रबलच्या यंत्रावर मी दोन सॉफ्टवेअर वापरली. लेझरग्रबल मोफत आहे, विंडोजवर चालते आणि जुन्या लॅपटॉपवरही अडखळत नाही. छायाचित्र कोरण्यासाठी मी आजही तेच उघडतो. त्यात आकृती काढता येत नाही, ती इंकस्केपसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये काढून आणावी लागते. शिवाय नंदीच्या अंगावरील झूल कोरणे आणि त्याची कडा कापणे यांसाठी मला दोन फाइली करून वेग आणि शक्ती प्रत्येक वेळी नव्याने भरावी लागत असे. लाइटबर्न विकत घ्यावे लागते. त्याची ३० दिवसांची चाचणी मोफत मिळते, परवाना एकदाच घ्यायचा असतो, सुधारणा एक वर्ष मिळतात आणि वर्ष संपल्यानंतरही हाती असलेली आवृत्ती चालू राहते. एकदा परवाना नोंदवला की रोजच्या कामाला इंटरनेट लागत नाही, आणि माझ्या दृष्टीने हा त्याचा सर्वांत मोठा गुण आहे. कोरणे निळ्या रेषेवर, कापणे लाल रेषेवर, असे एकाच फाइलीत ठरवून ठेवता येते. प्रत्येक जाडीच्या लाकडासाठीचे आकडे जपून ठेवणारी यादी त्यात आहे. ज्यांनी जुन्या संगणकावर लिनक्स टाकले आहे, त्यांनी मात्र एक गोष्ट लक्षात ठेवावी की लाइटबर्नने १.७ या आवृत्तीनंतर लिनक्ससाठी नव्या आवृत्त्या देणे बंद केले आहे.

देवनागरीविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण मराठी पाट्या करणाऱ्याचे निम्मे कष्ट इथे असतात आणि यंत्र विकणारा याबद्दल एक शब्दही बोलत नाही. फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षर आपल्या वाटणीची शिरोरेषा घेऊन येते आणि शेजारच्या अक्षराच्या शिरोरेषेवर किंचित चढते. पडद्यावर ती एकच रेषा दिसते. पण मजकुराचे रेषांत रूपांतर केले की प्रत्येक जोडावर दोन आडव्या-उभ्या कडा शिल्लक राहतात, लेझर त्या इमानाने कापतो आणि शब्दाचे तुकडे खाली पडतात. यावर उपाय एकच: इंकस्केपमध्ये 'युनियन' किंवा लाइटबर्नमध्ये 'वेल्ड' ही आज्ञा देऊन सर्व अक्षरे सांधून घेणे. एवढे केले की आपल्या लिपीचे वैभव कळते. इंग्रजी शब्द कापला तर अक्षरे सुटी होतात आणि ती एकेक चिकटवावी लागतात. मराठी शब्द शिरोरेषेमुळे एकसंध हातात येतो आणि तसाच भिंतीवर लागतो. ग, ण, श यांचे काने केवळ शिरोरेषेच्या आधाराने लटकतात, म्हणून रेषा बारीक असलेला फॉन्ट घेतला तर पाटी उचलतानाच मोडते. एक टाइप या संस्थेचे मुक्ता आणि बालू हे मोफत फॉन्ट मी याचसाठी वापरतो. त्यातही बालूचा जाड, गोलसर वळसा ३ मिलिमीटरच्या एमडीएफला फार शोभतो. 'आनंद'मधला अनुस्वार आणि ॐवरची चंद्रकोर मात्र कशालाच जोडलेली नसते. त्यांना मी दीड मिलिमीटरचा छोटा दांडा काढून खालच्या अक्षराशी बांधतो. पोत्यांवर नाव उमटवण्याच्या स्टेन्सिलमध्ये हे नेमके उलटे होते: तिथे अनुस्वार आपोआप टिकतो आणि 'व'च्या पोटातला तुकडा गळून पडतो, म्हणून दांडा तिथे द्यावा लागतो.

आता सुतारकाकांच्या प्रश्नाचे उत्तर. वीज गेली की ग्रबल आपली जागा विसरते. यंत्राला कोपऱ्यात होमिंगचे स्विच असतील, तर वीज आल्यावर ते आधी त्या कोपऱ्यात जाऊन स्वतःची जागा पुन्हा निश्चित करते, आणि मग लाइटबर्नच्या पूर्वदृश्यात काम जिथे थांबले तो बिंदू पकडून 'स्टार्ट हिअर' दाबता येते. लेझरग्रबलमध्येही थांबलेल्या ओळीपासून पुढे सुरू करण्याची सोय आहे. लाकडाला मधल्या वेळात कोणी हात लावलेला नसावा, एवढी काळजी घेतली की जोड ओळखू येत नाही. ज्या स्वस्त यंत्राला हे स्विच नाहीत, त्यात किरण हाताने जागेवर आणावा लागतो आणि अर्ध्या मिलिमीटरचा फरकही नंदीच्या शिंगावर दिसतो. म्हणून दोन हजार रुपये अधिक पडले तरी स्विच असलेलेच यंत्र घ्यावे, असे मी काकांना सांगितले. शिवाय डायोडचे यंत्र पंपासह दीडशे वॅटच्या आतच वीज घेत असल्याने घरचा इन्व्हर्टर ते सहज ओढतो, आणि माझ्याकडे बहुतेक वेळा काम थांबतच नाही. लॅपटॉपची बॅटरी मात्र तपासून ठेवावी, कारण यूएसबीवरून ओळीमागून ओळ तोच पाठवत असतो आणि तो झोपी गेला की यंत्रही थांबते.

पैशांचा हिशेब सांगायचा तर आताचे यंत्र मला ५२ हजार रुपयांना पडले आणि चष्मा, हवेचा पंप, धूर बाहेर काढण्याचा पंखा, लोखंडी जाळी आणि लाइटबर्नचा परवाना मिळून त्याच्या जवळपास चौथा हिस्सा आणखी लागला. परवान्याचे पैसे मला सर्वांत जड वाटले होते. पण एकाच फाइलीत कोरणे आणि कापणे होऊ लागल्यापासून एका नंदीमागे माझी सात-आठ मिनिटे वाचतात, आणि त्या हंगामात मी दीडशे नंदी केले. बंद घराण्यातले ते पहिले यंत्र विकताना मला निम्मी किंमतही मिळाली नाही, कारण घेणाऱ्याने सर्वप्रथम 'लाइटबर्नवर चालते का' हेच विचारले.

एक सूचना राहिली. गावातले लोक हमखास सनबोर्ड किंवा जुने फ्लेक्स घेऊन येतात आणि त्यावर अक्षरे कापून मागतात. हे दोन्ही पीव्हीसी आहेत. लेझरखाली त्यातून हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो, तो फुप्फुसांना घातक असतो आणि यंत्राच्या लोखंडालाही गंज चढवतो. कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये याची आज्ञा देऊ नये.

सुतारकाकांचा मुलगा येत्या रविवारी स्वतःची आकृती घेऊन येणार आहे. त्याच्या नंदीची मान वडिलांच्या हातच्या नंदीसारखी किंचित वळलेली आहे. तो नंदी आम्ही आधी लेझरग्रबलवर आणि मग लाइटबर्नच्या चाचणी आवृत्तीवर कापून पाहू आणि कापत असताना मधेच एकदा मुद्दाम मेन स्विच बंद करू. यंत्र कोणते मागवायचे, ते दोघे बापलेक त्यानंतर ठरवतील.